कुत्र्याला फिट आली, रिपोर्ट मात्र नॉर्मल: मग आजार आहे तरी कोणता?

जानेवारीतल्या एका पहाटे साडेतीनच्या सुमारास आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरात काहीतरी जोरजोराने फरशीवर आपटत असल्याचा आवाज आला. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्यांचे ते दिवस असल्यामुळे गबरूला, म्हणजे आमच्या चार वर्षांच्या गावठी कुत्र्याला, आम्ही बाल्कनीतून आत आणून हॉलमध्ये गोधडीवर झोपवले होते. दिवा लावून पाहिले तर तो एका कुशीवर पडला होता, चारही पाय ताठ होऊन झटके देत होते, जबडा आवळलेला होता, तोंडाला फेस आला होता आणि गोधडी लघवीने भिजली होती. हा प्रकार दीड-दोन मिनिटांत संपला असावा. 'असावा' म्हणण्याचे कारण असे की घड्याळाकडे आमच्यापैकी कोणीही पाहिले नाही, आणि ही पहिली चूक होती. त्यानंतर तो उठला, पण आम्हाला ओळखेना; भिंतींना धडकत घरभर फिरला, पातेलेभर पाणी प्यायला, आणि सकाळी सात वाजता नेहमीप्रमाणे दूधवाल्यावर भुंकला.

दिवसभरात मते गोळा झाली. शेजारच्या काकूंनी कांदा फोडून नाकाशी धरायला सांगितला, वॉचमनने कुत्रा पिसाळल्याचे जाहीर केले आणि समोरच्या बिल्डिंगमधून विषप्रयोगाची शंका आली. डॉक्टरांनी रक्त तपासले. सगळे आकडे नॉर्मल निघाले. आजारी कुत्र्याचा नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या माणसाला आनंद मानावा की घाबरावे हे कळत नाही. मी पशुवैद्य नाही, परंतु त्या पहाटेपासून आमच्या डॉक्टरांना विचारून विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले, ते याच पेचात सापडलेल्यांसाठी येथे क्रमाने मांडतो.

फिट म्हणजे नेमके काय?

फिट, आकडी, झटका ही सारी एकाच गोष्टीची नावे आहेत. मेंदूतल्या कोट्यवधी पेशी एकमेकींशी सूक्ष्म विद्युत संकेतांनी बोलत असतात. निरोगी मेंदू हा भद्रकालीच्या भाजीबाजारासारखा असतो. वरवर नुसता गलबला, पण त्या गलबल्यात प्रत्येक जण आपापल्या गिऱ्हाइकाशी आपला स्वतंत्र व्यवहार करत असतो आणि म्हणूनच बाजार चालतो. आता कल्पना करावी की तोच सारा बाजार अचानक आपापली कामे टाकून एखाद्या ढोल पथकासारखा एकाच ठेक्यावर धडाधड वाजू लागला. आवाज प्रचंड होईल, पण एकही व्यवहार होणार नाही. फिटमध्ये पेशींचे असेच होते: त्या एकाच वेळी, एकाच लयीत आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त संकेत सोडतात. तो ठेका स्नायूंपर्यंत पोहोचला की पाय झटके देतात, आणि शुद्ध सांभाळणाऱ्या भागांपर्यंत पोहोचला की शुद्ध जाते.

एरवी असे का होत नाही? कारण मेंदूत पेशींना चेतवणारी रसायने जशी आहेत, तशी त्यांना थोपवणारीही आहेत, आणि दोन्हींचा तोल राखलेला असतो. हा तोल किती ताणला म्हणजे सुटतो, याची प्रत्येक जनावराची मर्यादा वेगळी असते. नाशिककरांना ही गोष्ट समजावून सांगायला गोदाघाट पुरेसा आहे. पावसाळ्यात पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावर आपण पुराचा अंदाज बांधतो. पूर येण्याची कारणे तीन असू शकतात. वरून पाणीच अफाट आले, घाट कुठेतरी खचला, किंवा घाट मुळातच बुटका बांधला गेला. फिटची कारणेही याच तीन ढिगांत मावतात, आणि पुढचा सगळा लेख या तीन ढिगांभोवतीच फिरणार आहे.

तापाप्रमाणे फिट हेही एक लक्षण आहे, हे येथेच नोंदवून ठेवावे. ताप डेंग्यूचा असतो, टायफॉइडचा असतो. तशी फिटही कशाची तरी असते. फिट पुन्हा पुन्हा येण्याची प्रवृत्ती मेंदूत कायम असेल, तेव्हाच त्याला अपस्मार म्हणतात.

पण ती फिटच होती, हे कशावरून?

हा प्रश्न डॉक्टर सर्वांत आधी विचारतात आणि आपण सर्वांत कमी गांभीर्याने घेतो. कुत्रा कोसळला, थरथरला किंवा लटपटला म्हणजे फिटच आली असे नाही.

खऱ्या फिटचे बहुधा तीन टप्पे दिसतात. आधी काही मिनिटे किंवा काही तास कुत्रा अस्वस्थ असतो, लपतो किंवा माणसाला चिकटून बसतो. हा टप्पा अनेकदा लक्षातही येत नाही. मग प्रत्यक्ष झटके, जे साधारणपणे एक-दोन मिनिटांत थांबतात. आणि त्यानंतर गोंधळलेला टप्पा, ज्यात तो दिशाहीन फिरतो, दिसत नसल्यासारखा धडकतो, अधाशासारखा खातो-पितो; हा टप्पा काही मिनिटांपासून एखाद्या दिवसापर्यंत चालू शकतो. फिट बहुतेक वेळा विश्रांतीत किंवा झोपेत येते.

याउलट पळताना, जिना चढताना किंवा आनंदाने उड्या मारताना कुत्रा एकदम लुळा पडला आणि अर्ध्या मिनिटात उठून जणू काही झालेच नाही असे वागू लागला, तर मेंदूआधी हृदय तपासावे लागते. मान एका बाजूला कललेली, बुबुळे डावी-उजवीकडे फडफडत आहेत आणि चाल दारू प्यायल्यासारखी, पण शुद्ध पूर्ण आहे, असे असेल तर तो कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असू शकतो; म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये तो अचानक येतो आणि पुष्कळदा काही दिवसांत आपोआप ओसरतो. झोपेत पाय मारणारा, बारीक कुईकुई करणारा कुत्रा हाक मारल्यावर जागा झाला तर तो स्वप्नच पाहत होता. बॉक्सर, बुलडॉग, डॉबरमन या जातींत नुसते डोके हलत राहण्याचा एक प्रकार असतो, जो बिस्कीट दाखवल्यावर थांबतो. फिट बिस्किटाने थांबत नाही.

दुसऱ्या बाजूने, फिट येऊनही ती फिट न वाटणे हेही घडते. ढोलाचा ठेका मेंदूच्या एकाच कोपऱ्यात राहिला तर केवळ ओठाचा कोपरा किंवा एकच पाय फडफडतो, किंवा कुत्रा हवेत नसलेल्या माशा पकडत बसतो.

म्हणूनच मोबाईलवर काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांसाठी लांबलचक वर्णनापेक्षा मोलाचा ठरतो. संकटात व्हिडिओ काढणे निर्दयपणाचे वाटते, मलाही वाटले. पण त्या मिनिटात कुत्र्यासाठी करण्यासारखे दुसरे फारसे काही नसते, हे पुढे येईलच.

पिसाळला तर नसेल ना?

ही शंका हसण्यावारी नेऊ नये. रेबीज आपल्याकडे आजही आहे, आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर इलाज नाही. परंतु फेस आणि झटके एवढ्यावरून निदान करणेही चुकीचे आहे. ठळक फरक असा की साध्या फिटमधला कुत्रा दोन फिटींच्या मधल्या काळात पूर्ववत असतो, तर पिसाळलेला कुत्रा पुन्हा शहाणा होत नाही. त्याचे वागणे बदलते, गिळता न आल्याने लाळ गळत राहते, आवाज बदलतो, मागचे पाय लुळे पडत जातात आणि लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण दहा दिवसांच्या आत तो मरतो. काही कुत्री न चावता, न भुंकता अंधारात गप्प पडून राहतात. हा रेबीजचा मूक प्रकारही तितकाच घातक असतो.

गबरूचे लसीकरण कार्ड पूर्ण होते आणि सकाळी तो शुद्धीवर होता, त्यामुळे डॉक्टरांनी ही शंका चटकन बाजूला ठेवली. लस न झालेल्या किंवा नुकत्याच दुसऱ्या कुत्र्याने चावलेल्या कुत्र्याचे वागणे बदलले असेल, तर मात्र लाळेला हात लावू नये आणि ताबडतोब पशुवैद्यांना कळवावे. फिटनंतरच्या गोंधळात आपलाच कुत्रा आपल्याला चावू शकतो. तसे झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, पण माणसाची लस तेवढे दिवस थांबवून ठेवायची नसते.

पहिला ढीग: वरून आलेले पाणी

येथे मेंदू चांगला असतो, पण शरीरातून किंवा बाहेरून असे काही येते की तो बुडतो. नाशिकच्या परिसरात या ढिगाकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण आपले शहर शेतीला चिकटून वाढले आहे. मखमलाबाद, आडगाव, दिंडोरी रस्ता या भागांत फिरायला नेलेला कुत्रा दहा मिनिटांत द्राक्षबागेत पोहोचतो. फवारणीच्या काळात सांडलेले कीटकनाशक, चाटलेला डबा, उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइड किंवा गोगलगायींसाठी टाकलेल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या, यांपैकी कशानेही फिट येऊ शकते. कीटकनाशकांच्या एका मोठ्या गटात फिटच्या आधी लाळ, डोळ्यांतून पाणी, जुलाब आणि अंगभर स्नायूंची फडफड दिसते, आणि त्यावर उतारा उपलब्ध असल्यामुळे वेळेला फार महत्त्व आहे. शंका असेल तर डब्याचा किंवा पाकिटाचा फोटो डॉक्टरांकडे न्यावा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय मुळीच करू नये. रक्तात मीठ वाढल्यानेही फिट येते, म्हणजे एका विषावर आपण दुसरे घालतो.

द्राक्षांचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकतो. आपल्या जिल्ह्याचा अभिमान असलेले हे फळ आणि त्याचे बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. किती खाल्ल्याने होईल याचा नेम नसतो. एखादा घोसभर खाऊनही सुखरूप राहतो, दुसऱ्याला थोड्याच मण्यांनी त्रास होतो. द्राक्षांतले टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे असे २०२१ पासून मानले जाऊ लागले आहे. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते, तेव्हा चिंचेचा कोळ त्याच्यापासून दूर ठेवलेलाच बरा. यात आधी उलट्या होतात आणि मग लघवी कमी होते. फिट आलीच तर ती नंतरची गोष्ट असते. चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगम हीदेखील फिटची खरी कारणे आहेत. पावसाळ्यात भेक तोंडात धरणाऱ्या कुत्र्यांना त्याच्या कातडीतील विषाने आधी तोंडाला फेस आणि कधी कधी झटकेही येतात. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत राहिलेल्या कुत्र्याला उष्माघाताने येतात.

शरीराच्या आतूनही पाणी चढते. लहान जातीचे पिल्लू उपाशी राहिले तर रक्तातील साखर घसरून फिट येते. व्यालेल्या कुत्रीला दूध पाजण्याच्या पहिल्या काही आठवड्यांत कॅल्शियम कमी पडून येते. यकृताकडे जाणारे रक्त जन्मतःच वळसा घालून जात असेल, तर पिल्लाला जेवणानंतर गुंगी येते आणि झटके येतात.

याच ढिगात एक बहुरूपी आजार आहे, आणि न उलगडणाऱ्या दुखण्यांबद्दल बोलताना तो वगळून चालणार नाही. कुत्रा चार-सहा आठवड्यांनी मलूल होतो, खात नाही, उलट्या करतो, थरथरतो. सलाईन लावले की दोन दिवसांत ताजातवाना होतो आणि पुन्हा काही आठवड्यांनी तेच. पाहुणे आले, प्रवास झाला, दिवाळीचे फटाके वाजले की हमखास. मूत्रपिंडांजवळच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी संप्रेरके कमी बनवू लागल्या की असे होते. याला अ‍ॅडिसनचा आजार म्हणतात. सलाईनने तात्पुरते बरे वाटत असल्यामुळेच तो वर्षानुवर्षे निसटतो. रक्तातील सोडियम-पोटॅशियमचे बिघडलेले प्रमाण त्याची चाहूल देते आणि एका ठरावीक संप्रेरक चाचणीने तो पक्का होतो. औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात, पण कुत्रा उत्तम जगतो.

गोचीड तापाचेही असेच आहे. गोचिडीतून रक्तात शिरणारे जंतू ताप, फिक्या हिरड्या, घटलेल्या प्लेटलेट्स आणि अधूनमधून येणारा मलूलपणा घेऊन येतात, आणि काही वेळा मेंदूपर्यंतही त्रास पोहोचवतात. अंगावर एकही गोचीड नाही म्हणून तो नाही असे होत नाही. चावून गोचीड केव्हाच निघून गेलेली असते. येथे एक सूचना: गोचिडीसाठी चघळायला देतात त्या आयसोक्साझोलिन गटातील गोळ्यांमुळे काही कुत्र्यांना थरथर किंवा फिट येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता. बहुसंख्य कुत्र्यांना त्या सोसतात, परंतु ज्याला एकदा फिट आली आहे त्याच्या डॉक्टरांना आपण कोणती गोळी देतो हे ठाऊक असलेच पाहिजे.

दुसरा ढीग: खचलेला घाट

मेंदूलाच इजा, संसर्ग, सूज किंवा गाठ असेल तर फिटखेरीज इतर खुणाही बहुधा दिसतात: एका दिशेने गोल फिरणे, एक बाजू कमजोर पडणे, स्वभाव पालटणे. लस न झालेल्या पिल्लाला आधी डोळ्या-नाकातून चिकट पाणी, खोकला आणि मग काही दिवसांनी काहीतरी चघळत असल्यासारखा जबडा वाजू लागला, तर डिस्टेंपर या विषाणूजन्य आजाराचा विचार होतो. पग जातीत मेंदूला सूज येण्याचा एक स्वतंत्र आणि गंभीर आजार आहे. सात-आठ वर्षांच्या पुढे आयुष्यातली पहिली फिट आली तर गाठीची शक्यता वाढते.

रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे डॉक्टरांना कळलेच नाही का?

माझाही पहिला सूर हाच होता. रक्तपेशी, साखर, कॅल्शियम, यकृत, मूत्रपिंडे, लघवी, सगळे ठीक. मग पैसे कशाचे घेतले? उत्तर असे की पहिला ढीग या तपासण्यांनीच बराचसा बाजूला सारला गेला. चोर सापडला नाही, पण घरातली माणसे निर्दोष ठरली, आणि तेही लहान काम नाही.

मग उरतो तिसरा ढीग, बुटक्या घाटाचा. कुत्र्याची पहिली फिट सहा महिने ते सहा वर्षे या वयात आली, मधल्या काळात तो पूर्णपणे नॉर्मल आहे, डॉक्टरांनी केलेली मज्जासंस्थेची तपासणी आणि रक्त-लघवी स्वच्छ आहेत, तर त्याला 'इडिओपॅथिक' अपस्मार असल्याचे मानले जाते. या शब्दाचा सरळ अर्थ 'कारण दाखवता न येणारा' असा आहे, आणि त्यामागे पुष्कळदा आनुवंशिकता असते. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, बीगल यांसारख्या जातींत तो अधिक आढळतो, पण गावठी कुत्रीही सुटलेली नाहीत. २०१५ मध्ये पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय अपस्मार कृतिगटाने निदानाची ही पद्धत पायऱ्यापायऱ्यांनी आखून दिली. वरच्या कसोट्या पूर्ण झाल्या की पहिली पायरी गाठली जाते, एमआरआय आणि मणक्यातल्या पाण्याची तपासणी ही त्यावरची पायरी.

म्हणजे एमआरआय करावा की नाही? तो भूल देऊनच करावा लागतो, खर्चिक असतो आणि त्यासाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागते. पहिली फिट सहा महिन्यांच्या आत किंवा सहा वर्षांनंतर आली असेल, मधल्या काळातही चाल किंवा वागणे बिघडलेले असेल, किंवा औषधांना दाद मिळत नसेल, तर तो टाळू नये. गबरू यांपैकी कशातच बसत नव्हता. एमआरआय नॉर्मल आला असता तरी औषध तेच राहिले असते, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आणि आम्ही तो केला नाही. हा निर्णय प्रत्येक घराचा वेगळा असू शकतो. पैसे नसल्यामुळे एमआरआय न करणारा माणूस कुत्र्यावर कमी प्रेम करतो असे मानणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडले आहे.

फिट चालू असताना काय करावे?

पहिली गोष्ट, घड्याळ पाहावे. दुसरी, जिना, टेबलाचे कोपरे, बाल्कनीचा कठडा यांपासून त्याला मागून धरून किंवा गोधडीसकट ओढून दूर करावे. टीव्ही आणि मोठे दिवे बंद करावेत. यापलीकडे हात मागे ठेवावेत. कुत्रा जीभ गिळत नाही, त्यामुळे तोंडात बोट, चमचा किंवा कापड घालू नये. घातले तर तो नकळत चावतो. तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते.

कांद्याचे काय? लासलगावच्या मुलखात राहून कांद्याविरुद्ध बोलणे जड जाते, पण इलाज नाही. फिट आपल्या वेळेने थांबते आणि श्रेय त्या वेळी नाकाशी धरलेल्या वस्तूला मिळते. चप्पल आणि लोखंडी किल्लीची कीर्तीही याच मार्गाने झाली आहे. शिवाय शुद्धीवर येताना भुकेलेला कुत्रा तो कांदा खाऊन टाकू शकतो, आणि कांदा-लसूण पुरेशा प्रमाणात पोटात गेले तर कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

पाच मिनिटे ही सीमारेषा लक्षात ठेवावी. त्यापुढे फिट चालू राहिली, किंवा मध्ये शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, तर शरीराचे तापमान वाढून मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून रात्र असो वा दिवस, दवाखाना गाठावाच लागतो. चोवीस तासांत दोन किंवा अधिक फिट आल्या तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, कोणते डॉक्टर फोन उचलतात, आणि जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाची वेळ काय, हे दिवसाउजेडी शोधून फ्रिजवर लिहून ठेवावे. ज्यांच्या कुत्र्यांना लांबलेल्या फिट येतात त्यांना डॉक्टर गुदद्वारातून देण्याचे डायझेपाम किंवा नाकात फवारण्याचे मिडाझोलाम घरी ठेवायला लिहून देतात. मुंबईला जाताना कसारा घाटात अडकलेल्या गाडीत त्याचा उपयोग कळतो.

एक फिट आली, तर लगेच गोळ्या का नाहीत? आणि गोळ्या सुरू झाल्या तर यकृताचे काय?

एकदाच येऊन पुन्हा न येणारी फिटही असते, म्हणून पहिल्या साध्या फिटनंतर बहुधा थांबून पाहतात. सहा महिन्यांत दोन किंवा अधिक फिट, एका दिवसात अनेक, पाच मिनिटांवर लांबलेली, किंवा नंतरचा गोंधळ फार तीव्र, यांपैकी काही असेल तर औषध सुरू करतात. गबरूला दुसरी फिट पाच आठवड्यांनी आली आणि प्रश्न निकाली निघाला.

सर्वांत जुने आणि आजही पहिल्या पसंतीचे औषध म्हणजे फिनोबार्बिटोन. ते पाऊस थांबवत नाही, घाट उंच करते. पेशींना थोपवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते. ते बारा-बारा तासांनी द्यायचे असते आणि रक्तात त्याची पातळी स्थिर व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. या काळात कुत्रा झोपाळू होतो, मागचे पाय लटपटतात, आणि घरातली माणसे म्हणतात, 'या औषधानेच मारून टाकले याला.' गबरूच्या बाबतीत आमच्या आईने हे वाक्य तिसऱ्याच दिवशी उच्चारले. बहुतेक कुत्र्यांत लटपट ओसरते. तहान, लघवी आणि भूक मात्र वाढलेली राहते, म्हणून वजनावर लक्ष ठेवावे लागते.

यकृताची भीती अर्धी खरी आहे. हे औषध घेणाऱ्या कुत्र्यांच्या रिपोर्टमध्ये एएलपी नावाचा आकडा इजा नसतानाही वाढतो, त्यामुळे तेवढ्यावरून गोळ्या बंद करायच्या नसतात. खरी इजाही काहींना होते, म्हणून साधारण दर सहा महिन्यांनी औषधाची रक्तातील पातळी आणि यकृताचे काम तपासतात. शरीर हे औषध हळूहळू अधिक वेगाने निचरू लागते, त्यामुळे काही महिन्यांनी डोस वाढवावा लागला तर आजार बळावला असा अर्थ लगेच काढू नये.

यकृत आधीच कमजोर असेल किंवा एका औषधाने भागत नसेल तर पोटॅशियम ब्रोमाइड किंवा लेव्हेटिरासेटाम देतात. ब्रोमाइड घेणाऱ्या कुत्र्याच्या आहारातील मीठ एकदम कमी-जास्त झाले की औषधाची पातळीही बदलते, तेव्हा कोणी कौतुकाने पापड भरवला तर ते कौतुक महागात पडते. घरातल्या आजोबांची फिटची गोळी कुत्र्याला देण्याचा मोह होतो. पण माणसांना चालणारी फेनिटोइन, कार्बामाझेपिनसारखी औषधे कुत्र्याच्या शरीरातून इतक्या लवकर निघून जातात की त्यांचा उपयोग होत नाही. आणि फिट थांबल्या म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. उंच केलेला घाट एका रात्रीत पाडल्यासारखे होते, आणि मग येणारी फिट आधीपेक्षा भीषण असू शकते.

फिट पूर्ण बंद होतीलच असे वचन कोणीही देऊ नये. त्यांची संख्या निम्म्यावर आली तरी वैद्यकीयदृष्ट्या ते यश मानतात, आणि पुरेशी औषधे देऊनही काही कुत्र्यांच्या फिट आटोक्यात येत नाहीत. अशा घरांमध्ये कधी ना कधी दयामरणाचा विषय निघतो. तो काढणाऱ्याला निष्ठुर ठरवू नये. दोन फिटींच्या मध्ये कुत्रा कुत्र्यासारखा जगतो आहे का, हा प्रश्न डॉक्टरांसमोर बसून विचारण्यासारखा आहे.

वही

आमच्या डॉक्टरांनी गोळीबरोबर शंभर पानी वहीही घ्यायला लावली. तारीख, वेळ, किती मिनिटे, त्याआधी काय खाल्ले, कुठे गेला, गोळी वेळेवर झाली का, नंतर किती वेळ भरकटला. सुरुवातीला हा शाळकरी उपद्व्याप वाटला, पण आमच्या समजुती एकेक करून याच वहीने मोडल्या. काकूंच्या मते फिट अमावास्या-पौर्णिमेला येत होत्या. वहीतल्या आठ नोंदींपैकी एकच पौर्णिमेच्या जवळपास निघाली. माझ्या मते कोंबडीमुळे येत होत्या. तसेही दिसले नाही. आठपैकी तीन मात्र अशा आठवड्यातल्या निघाल्या, ज्यात आम्ही लग्नाला किंवा गावी गेलो होतो आणि रात्रीची गोळी आठऐवजी अकराला दिली गेली होती, किंवा मुळीच दिली गेली नव्हती. डोस वाढवायच्या तयारीत असलेल्या डॉक्टरांनी त्या नोंदी पाहिल्या आणि डोस तसाच ठेवून आम्हाला मोबाईलवर दोन गजर लावायला सांगितले.

आता गोळ्यांचे दोन आठवड्यांचे जास्तीचे पाकीट नेहमी घरात असते, कारण चिठ्ठीशिवाय हे औषध मिळत नाही आणि प्रत्येक मेडिकलमध्ये ते असतेच असे नाही. गंगापूर धरणाच्या पाण्यात त्याला एकट्याला सोडत नाही, रात्री बाल्कनीचे दार लावून घेतो. शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची आहे: पहाटे चार वाजून दहा मिनिटे, एक मिनिट वीस सेकंद, आदल्या रात्रीची गोळी वेळेवर, कारण सापडले नाही. त्याखाली आईच्या अक्षरात लिहिले आहे: सात वाजता दूधवाल्यावर भुंकला.